पिकलबॉल: नेटजवळ बॉल सारखा वर उडतो आणि समोरचा स्मॅश मारतो, नेमकं कुठे बिघडतं?

नव्याने पिकलबॉल खेळायला लागलेल्यांची एक तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. सर्व्ह पडायला लागलेली असते, स्कोअरचे तीन आकडे सांगता येतात, किचनचा, म्हणजे नेटला लागून असलेल्या सात फुटांच्या पट्ट्याचा नियम कळलेला असतो. पण नेटजवळ आलं की बिनसतं. बॉल अलगद पलीकडे टाकायला जावं तर तो छातीएवढा वर उठतो, समोरचा तिथेच टपून उभा असतो आणि पॉइंट जातो. पुढच्या रॅलीत पुन्हा तेच. खेळणारे याला पॉप-अप म्हणतात.

यावर कोर्टवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘हळू मार ना!’ सल्ला खोटा नाही, पण त्याचा उपयोग होत नाही, कारण हळू मारलेला बॉलही वर उडतो. माझं ठाम मत असं आहे की बॉल उडणार की नाही हे पॅडल लागायच्या आधीच ठरलेलं असतं. तुमचे पाय कुठे आहेत, बॉल शरीराच्या पुढे घेताय की बाजूला, पॅडलचं तोंड किती आभाळाकडे आहे, यावर नव्वद टक्के खेळ असतो. हाताच्या जोराचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून उडालेल्या बॉलकडे बघत हळहळू नका. त्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात तुम्ही काय करत होता ते आठवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. उंच गेलेला प्रत्येक बॉल चुकीचा नसतो. सर्व्हिसचा रिटर्न उंच आणि खोल गेला तर उत्तमच, तुम्हाला किचनलाइनपर्यंत पोचायला वेळ मिळतो. ठरवून मारलेला लॉबही उंचच असतो. अडचण फक्त त्या बॉलची आहे जो नेटच्या वरच्या उंचीवर, समोरच्याच्या हाताशी, टप्पा पडायच्या आत पोचतो. तेवढाच आपल्याला बंद करायचा आहे.

आधी कोर्ट मोजा

हे कुणी करत नाही, म्हणून आधी लिहितोय. नेटची उंची कडेच्या रेषांवर ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच असायला हवी. सोसायटीतल्या बॅडमिंटन कोर्टवर खेळत असाल तर टेप घेऊन एकदा मोजाच. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच असतं आणि त्याला कारण आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी हा खेळ सुरू केला तोच मुळी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवर. सुरुवातीला नेट बॅडमिंटनच्या उंचीवर, ६० इंचांवर होतं. प्लास्टिकचा बॉल डांबरी जमिनीवर बरा उसळतो हे लक्षात आल्यावर ते ३६ इंचांवर उतरवलं गेलं.

आपल्याकडे तेच नेट खांबाला अंदाजाने खाली बांधतात. ते बहुतेक वेळा तीन-चार इंच वर राहतं, नाहीतर मधे झोळ पडतो. वर राहिलेल्या नेटवर रोज खेळलात की हाताला बॉल उचलून द्यायची सवय लागते, आणि मग भाड्याच्या चांगल्या कोर्टवर गेलात की प्रत्येक डिंक, म्हणजे समोरच्या किचनमध्ये अलगद टाकलेला बॉल, वर जातो. दुसरी गडबड रेषेची. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचनची रेषा सात फुटांवर. बरेच ग्रुप बॅडमिंटनचीच रेषा किचन म्हणून वापरतात. तो सहा इंचांचा फरक छोटा वाटतो, पण त्यामुळे दोन्ही बाजूंचे खेळाडू नेटच्या जास्त जवळ येतात आणि बॉलवर विचार करायला मिळणारा वेळ तेवढाच कमी होतो. रंगीत चिकटपट्टी लावून नवी रेषा आखायला दहा मिनिटं पुरतात.

बॉल वर येणार नाही, तुम्ही खाली जायचंय

कोर्ट बरोबर असूनही डिंक उडत असेल तर सगळ्यात आधी गुडघे बघा. पिकलबॉलचा बॉल फार उसळत नाही. प्रमाणित बॉल ७८ इंचांवरून ग्रॅनाइटच्या लादीवर सोडला तर ३० ते ३४ इंचांपर्यंतच उठतो, म्हणजे निम्माही नाही. टेनिसचा बॉल निम्म्याहून जास्त उसळतो. आता विचार करा, किचनमध्ये हळूच पडलेला डिंक तर डोक्याएवढ्या उंचीवरून आलेलाच नसतो. तो टप्पा घेऊन जेमतेम गुडघ्याएवढा, कधी पोटरीएवढा उठतो. ताठ उभं राहून तो घ्यायचा तर पॅडलचं टोक जमिनीकडे लोंबतं, मनगट खालून वर वळतं आणि पॅडलचं तोंड आभाळाकडे उघडतं. तिथून बॉल वर जाण्याशिवाय दुसरीकडे जाऊच शकत नाही.

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवा, गुडघ्यात वाका आणि नजर नेटच्या वरच्या पट्टीच्या जवळ आणा. कमरेतून पाठ वाकवून खाली जाऊ नका, त्याने डोकं पुढे जातं आणि अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते. पन्नाशी-साठीच्या पुढची बरीच मंडळी हा खेळ शिकताहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे गुडघे कुरकुर करतात. त्यांनी खोल बसायची गरज नाही. पाय आणखी रुंद घेतले की शरीर आपोआप खाली येतं आणि गुडघ्यावर ताण कमी पडतो. कोर्टाचे बूट मात्र हवेतच. पळायच्या बुटांची टाच उंच असते आणि आडवं सरकताना घोटा मुरगळतो, त्या भीतीनेही माणूस ताठ उभा राहतो.

किचनमध्ये पाय टाकायला घाबरू नका

नवख्यांच्या मनात हा नियम अर्धवट बसलेला असतो. किचनमध्ये उभं राहून, किंवा रेषेवर पाय ठेवून, बॉल हवेतल्या हवेत मारणं हा फॉल्ट आहे. हवेत मारल्यावर झोकात आत गेलात तरी फॉल्टच. पण टप्पा पडलेला बॉल खेळायला किचनमध्ये कधीही जाता येतं. तिथे उभं राहायलाही बंदी नाही.

हे पक्कं नसल्यामुळे काय होतं? समोरच्याने नेटजवळ अगदी छोटा डिंक टाकला की आपला माणूस रेषेबाहेर पाय रोवून हात लांबवतो. बॉल शरीरापासून दोन-अडीच फूट पुढे, हात पूर्ण ताणलेला, कोपर सरळ. अशा हाताने बॉल ढकलता येत नाही, फक्त खालून खरवडता येतो. तो उडणारच. एक पाऊल आत टाका, बॉल आरामात पुढच्या पायाच्या जवळ घ्या, पलीकडे टाका आणि लगेच मागे रेषेबाहेर या. मागे येणं विसरू नका, कारण पुढचा बॉल हवेत आला तर आत उभे असताना तो मारता येणार नाही.

जुन्या खेळाची सवय

मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी हा खेळ आपल्याकडे रुजवायला सुरुवात केली आणि अखिल भारतीय पिकलबॉल संघटना २००८ मध्ये स्थापन झाली. पण गल्लोगल्ली कोर्ट दिसायला लागले ते अलीकडे. त्यामुळे आज शिकणारा जवळपास प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्यातरी खेळातून आलेला असतो आणि त्या खेळाचा हात घेऊन येतो.

बॅडमिंटनवाल्यांचा त्रास मनगटाचा. नेटजवळ मनगटाच्या एका झटक्यात शटल वळवायची त्यांना सवय असते. पिसांमुळे शटलचा वेग हवेतच मरतो, म्हणून तिथे तो झटका चालून जातो. छिद्रांचा प्लास्टिक बॉल तसा लगेच थांबत नाही, झटका बसला की उडून जातो. शिवाय शटल जमिनीला लागायच्या आत घ्यायचं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की नेटच्या खाली उतरत चाललेला बॉलही ते हवेतच उचलायला जातात. तो बॉल पडू द्या. टप्पा पडल्यावर तुम्हाला वेळही मिळतो आणि पाय लावायला जागाही. टेनिसवाल्यांचा हात फार मागून येतो. डिंकला मागे नेलेलं पॅडल मुळात नकोच, पॅडल सुरुवातीपासून शरीराच्या पुढे, डोळ्यांना दिसेल असं असावं. टेबल टेनिसवाले बॉलला घासून वर नेतात, त्यांना आधी सपाट तोंडाने नुसतं ढकलायला शिकावं लागतं.

स्वतःला तपासायची सोपी पद्धत आहे. डिंक मारला की पॅडल जिथे थांबलं तिथेच एक क्षण धरून ठेवा आणि बघा. पॅडलचं टोक खांद्याच्या वर गेलं असेल तर मनगट किंवा कोपर झटकलं गेलंय. ते छातीच्या खाली, पॅडलचं तोंड अजून समोरच्या किचनकडे बघत असेल, तर हालचाल खांद्यातून झाली आहे. तशीच व्हायला हवी. मनगट बांधल्यासारखं शांत, आणि हात खांद्यातून वीतभर पुढे.

पकड किती घट्ट?

पॉइंट तंग झाला की मूठ आपोआप आवळली जाते. आवळलेल्या मुठीतलं पॅडल कडक फळी होतं, बॉलचा वेग जिरवत नाही, सगळाच्या सगळा परत देतो. घट्टपणाला दहापैकी आकडा द्यायचा तर डिंकसाठी तीन-चार पुरे. तपासायचं कसं? डिंकच्या तयारीत उभे राहा आणि जोडीदाराला पॅडलची वरची कड धरून हळूच ओढायला सांगा. पॅडल थोडं हललं पाहिजे, पण हातातून सुटायला नको. तुमच्यासकट ओढलं जात असेल तर मूठ फार आवळलेली आहे. सरावात काही वेळ फक्त अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने पॅडल धरून डिंक करून बघा. उरलेली दोन बोटं नुसती टेकलेली. आवळायला बोटंच उरली नाहीत की हात सैल राहतो.

पकडीची दिशाही बघा. पॅडलची कड जमिनीकडे करून धरलंत, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच वरच्या कडेच्या सरळ रेषेत यायला हवी. ती खाच बाजूला सरकलेली असेल तर फोरहँडला किंवा बॅकहँडला, कुठल्यातरी एका बाजूने पॅडलचं तोंड नेहमीच उघडं पडतं. तुमचे पॉप-अप एकाच बाजूने होत असतील तर आधी इथेच शोधा.

जोरात आलेला बॉल

किचनलाइनवर उभे असताना समोरून सणसणीत ड्राइव्ह आला आणि नुसतं पॅडल लावूनही बॉल वर गेला, हे वेगळं दुखणं आहे. इथे तुम्ही काही मारलेलंच नसतं. वेग समोरच्याचा असतो, तो जिरवायचा कसा एवढाच प्रश्न. क्रिकेट खेळलेल्यांना हे पटकन कळतं: फिरकीसमोर सिली पॉइंट आणि शॉर्ट लेग अंगावर असताना फलंदाज बॅट सैल धरून बॉलचा वेग मारतो आणि तो पायाशी पाडतो. इथेही तसंच. पॅडल पुढे, मूठ सैल, आणि बॉल लागताना पॅडल किंचित मागे येऊ द्यायचं. पुढे ढकललंत की गेलात.

आणखी एक बारकावा बहुतेकांना कुणी सांगत नाही. समोरच्याने टॉपस्पिन दिला असेल, म्हणजे बॉल पुढच्या दिशेने फिरवत मारला असेल, तर बॉल पॅडलला लागल्यावर वर चढायला बघतो. नेहमीच्या कोनात पॅडल धरलंत तरी तो उंच जातो आणि तुम्हाला कळत नाही की झालं काय. अशा खेळाडूसमोर पॅडलची वरची कड थोडी पुढे झुकवा. बॉल खालून कापून मारणारा समोर असेल तर उलट होतं, तुमचे बॉल नेटमध्ये जातात, तिथे तोंड थोडं उघडावं लागतं.

मधल्या पट्ट्यात अडकणं

सगळ्यात जास्त पॉप-अप इथे होतात असं मला वाटतं, म्हणून यावर थोडं सविस्तर. बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेषा, आणि किचनलाइन यांच्यामधला भाग म्हणजे कोर्टाचा पंधरा फुटांचा पट्टा. इथे उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी बॉल येतो. तो ना नीट हवेत घेता येतो ना टप्प्यावर, घाईघाईत अर्धटप्प्यावर खणून काढावा लागतो.

सर्व्ह करणारी जोडी इथे हमखास सापडते. सर्व्हिसचा एक टप्पा, रिटर्नचा एक टप्पा, हे दोन्ही पडलेच पाहिजेत. म्हणजे रिटर्न पडेपर्यंत सर्व्ह करणाऱ्या जोडीने मागेच थांबायला हवं. पण सर्व्ह करणाऱ्याचा जोडीदार सवयीने दोन-तीन पावलं आत येऊन उभा राहतो आणि खोल रिटर्न नेमका त्याच्या बुटांवर पडतो. उपाय साधा आहे: दोघंही बेसलाइनच्या मागे, रिटर्न पडेपर्यंत. पुढे यायला एक पाऊल लागतं, मागे पळत जाऊन मारायला मात्र नशीब लागतं.

मग तिसरा शॉट, म्हणजे सर्व्ह आणि रिटर्ननंतरचा आपला फटका, मारून पुढे यायचं असतं. पळत पळत मारू नका. समोरच्याचं पॅडल बॉलला लागायच्या क्षणी तुम्ही जिथे असाल तिथे थांबा, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे वाकलेले, पॅडल खाली. बॉल खेळा, पुन्हा पुढे सरका, पुन्हा थांबा. किचनलाइनपर्यंत एका दमात पोचायची सक्ती कुणी केलेली नाही. दोन-तीन शॉटमध्ये पोचलात तरी चांगलंच.

तिसऱ्या शॉटचा ड्रॉप, म्हणजे मागून समोरच्या किचनमध्ये अलगद उतरवलेला बॉल, उडत असेल तर त्याचा कमानीसारखा मार्ग बघा. बॉलचा सगळ्यात उंच बिंदू नेटच्या आपल्या बाजूला यायला हवा, म्हणजे नेट ओलांडताना तो उतरत असतो आणि समोरच्याला नेटच्या उंचीच्या खालीच घ्यावा लागतो. नवख्यांचा उंच बिंदू नेटच्या वर किंवा पलीकडे असतो, तिथेच स्मॅश बसतो. हा शॉट बेसलाइनवरून शिकायला जाऊ नका. किचनलाइनवरून जोडीदाराशी डिंक सुरू करा, पाच-सहा नीट पडले की एक पाऊल मागे, पुन्हा तसेच, पुन्हा एक पाऊल मागे. तोच डिंक हळूहळू लांब होत जातो आणि बेसलाइनला पोचेपर्यंत त्याचा ड्रॉप झालेला असतो. ज्या पावलावर बॉल उडायला लागतील तिथून एक पाऊल पुढे या आणि त्या दिवशी तिथेच सराव करा. तोपर्यंत मॅचमध्ये तिसरा शॉट दोघांच्या मधून, नेटला घासून जाईल असा मध्यम वेगाने मारा. नीट न बसलेल्या ड्रॉपपेक्षा तो बरा.

डिंक कुठे टाकायचा, यातही सुरक्षित जागा आहे. समोर सरळ टाकलात तर किचनच्या दोन रेषांमधलं अंतर चौदा फूट. कोपऱ्यातून तिरका टाकलात तर सुमारे चोवीस फूट मिळतात, आणि बॉल नेटच्या मधल्या, दोन इंच खाली असलेल्या भागावरून जातो. थोडा जोर जास्त झाला तरी तिरका डिंक सांभाळून घेतो. सुरुवातीचे महिने तिरकेच टाका.

भिंत आणि फोन

जोडीदार नसेल तेव्हा भिंत पुरते. जमिनीपासून ३४ इंचांवर चिकटपट्टी लावा, सात फुटांवर उभे राहा आणि प्रत्येक बॉल पट्टीच्या वर पण फूटभराच्या आत लागेल असा टप्पा घेऊन खेळा. भिंतीवर आपण नकळत जोर वाढवत नेतो, त्याकडे लक्ष ठेवा. आवाज वाढला की समजा मूठ आवळली गेली.

फोनवर शूटिंग करा, पण मागून नको, बाजूने, नेटच्या उंचीवर फोन ठेवून. फक्त उडालेल्या बॉलचे तुकडे बघा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधा: पॅडल लागलं तेव्हा बॉल पुढच्या पायाच्या पुढे होता का? तो पायाच्या मागे गेलेला असेल तर बाकी काहीही सुधारून फायदा नाही, पाय आधी हलायला हवेत.

पॅडल आणि बॉल

पॅडल बदलायची घाई सगळ्यांनाच असते, मी ते शेवटी ठेवतो. पातळ, १३-१४ मिलिमीटरच्या पॅडलवरून बॉल जास्त जोरात सुटतो, १६ मिलिमीटरचं शांत असतं, एवढं खरं आहे. नवीन घेणारच असाल तर जाड घ्या. आहे ते पॅडल टकटक करून बघा, एखाद्या जागी आवाज वेगळा येत असेल तर आतला थर सुटला असण्याची शक्यता आहे, अशा जागेवरून बॉल कसाही जातो. बॉल मात्र रोज तपासा. छिद्रांच्या मधे केसासारखी तडा जाते, नजरेला पटकन दिसत नाही. कानाजवळ धरून अंगठ्याने दाबत फिरवा, कुरकुर ऐकू आली की तो बॉल बाजूला टाका. बाहेर खेळताना ४० छिद्रांचा बॉल वापरा, हॉलमधला २६ छिद्रांचा वाऱ्यात भरकटतो. मे महिन्यात गाडीत राहिलेले बॉल मऊ पडतात आणि त्यांचा गोलावा जातो, त्यांच्यावर सराव करून अंदाज बिघडवून घेऊ नका.

उडालाच तर

कितीही शिकलात तरी बॉल अधूनमधून उडणारच. तो उडाला हे तुम्हाला जोडीदाराच्या आधी कळतं, म्हणून लगेच ओरडा, ‘वर गेला!’ किंवा ‘मागे!’, ग्रुपमध्ये जो शब्द ठरला असेल तो. दोघांनी वेळ मिळेल तेवढं, एक-दोन पावलं मागे सरका, थांबा, गुडघे वाका आणि पॅडल गुडघ्यांसमोर खाली ठेवा, कारण बहुतेक स्मॅश पायाशी येतात. समोरच्याकडे पाठ फिरवू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला. किचनलाइनवर उभ्या जोडीदाराच्या चेहऱ्यापासून स्मॅश मारणारा चौदा-पंधरा फुटांवर असतो आणि बॉल हलका असला तरी डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की पॅडलच्या आधी चष्म्याबद्दल सांगा.

हे सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त गुडघे आणि बॉल पुढे घेणं, पुढच्या आठवड्यात मूठ, त्यानंतर मधल्या पट्ट्यात थांबणं. आणि जोडीदाराला आधीच सांगून ठेवा की आज तू मला एवढी एकच गोष्ट सांग, बाकी काही नको.